एकटीच्या श्वासात न मावणारं गाणं

हिल्डेगार्ड फॉन बिंगेन हे नाव मी जर्मनीत येण्याआधीही ऐकलं होतं, पण ते बाराव्या शतकातली वनौषधींची जाणकार म्हणून. इकडे ऱ्हाइनकाठच्या गावांत ती दुकानादुकानांत भेटते. तिच्या नावाचा चहा, तिच्या नावाची बिस्किटं, तिच्या नावाचे काढे. तिने गाणीही रचली आणि ती सुरांसकट आपल्यापर्यंत पोचली, हे मात्र मला माइन्त्सला राहायला आल्यावर कळलं. पुण्यात असताना काही वर्षं शास्त्रीय गाणं शिकले होते, त्यामुळे उत्सुकता वाटली आणि मी इथल्या बायकांच्या एका छोट्या गायनगटात जायला लागले. हिवाळ्यापासून पुढच्या सप्टेंबरपर्यंत आम्ही मुख्यतः तिची एकच रचना शिकलो, 'ओ विर्तुस सापिएन्तिए'. त्या शिकण्याबद्दल हे लिहिते आहे. ही गाणी ऐकायला सुंदर आहेतच, पण ती कशासाठी आणि कुणासाठी केली ते गायला घेतल्याशिवाय समजत नाही, असं माझं आता ठाम मत आहे.

हिल्डेगार्डचा जन्म 1098चा, घर सरदाराचं. घरच्यांनी तिला देवाला वाहिलं. 1 नोव्हेंबर 1112 रोजी, चौदाव्या वर्षी, ती युट्टा नावाच्या व्रतस्थ स्त्रीबरोबर डिझिबोडेनबेर्गच्या मठात कायमची बंदिस्त झाली. तो मठ पुरुषांचा, आणि त्याला लागून या बायकांची खोली. युट्टाने तिला स्तोत्रं शिकवली. 1136मध्ये युट्टा वारली आणि हिल्डेगार्ड तिथल्या भगिनींची प्रमुख झाली. 1150च्या सुमारास भगिनींना घेऊन ती नाहे नदी ऱ्हाइनला मिळते तिथे, बिंगेनसमोर रुपर्ट्सबेर्गला आली आणि बायकांचा स्वतंत्र मठ उभा केला. पुरुषांच्या मठाला हे अजिबात रुचलं नव्हतं, कारण तिच्यामुळे तिथे देणग्या येत होत्या आणि लोकही येत होते. ती 17 सप्टेंबर 1179ला गेली. तिची 77 गीतं आणि एक संपूर्ण संगीत नाटक आज उपलब्ध आहे.

आपल्याला गाणं किंवा स्वरलेखन कुणीही शिकवलं नाही, असं ती सांगते. मला हे खरं वाटतं, आणि तरीही ते अर्धंच आहे असंही वाटतं. चौदाव्या वर्षापासून जी बाई रोज दिवसा सात वेळा आणि रात्री एकदा स्तोत्रं गात आली, तिच्या कानात किती सूर मुरले असतील! तालीम नव्हती, पण मुरलेपण होतं.

आमच्या बाई चर्चमध्ये वाद्यवृंद आणि गायनाचं काम करून निवृत्त झालेल्या. पहिले कित्येक आठवडे त्यांनी आम्हाला हिल्डेगार्डचा एकही सूर गाऊ दिला नाही. आधी नुसतं वाचन. लॅटिन मोठ्याने, एका आवाजात, एका गतीने वाचायचं. लॅटिनचे उच्चार देशागणिक बदलतात. इटलीच्या पद्धतीने जिथे 'चिर्कुइएन्स' आणि 'देचेत' म्हणतात, तिथे जर्मन पद्धतीत 'त्सिर्कुइएन्स' आणि 'देत्सेत' म्हणतात. गटात एक स्पॅनिश आणि एक कोरियन बाई होत्या, त्यांना हा आवाज काही केल्या साधेना. मला तो आयताच येत होता, कारण 'चोर' आणि 'चाक'मधला आपला च तोच. त्या दिवशी मराठी फार कामी आली.

मग स्तोत्रगायन. इथे स्तोत्राची प्रत्येक ओळ दोन तुकड्यांत म्हणतात आणि छापील प्रतीत मधोमध एक तारा असतो. ताऱ्यापाशी सगळ्यांनी थांबायचं, पुरता श्वास घ्यायचा, आणि कुणीही कुणाला खूण न करता पुढचा अर्धा भाग एकदम उचलायचा. आम्ही दोन रांगांत समोरासमोर बसायचो. एक ओळ या रांगेची, पुढची त्या रांगेची. सूर जवळजवळ एकच, शेवटाकडे थोडी हालचाल. सांगताना सोपं वाटतं, पण त्या मधल्या शांततेत दहाबारा जणींनी एकाच क्षणी तोंड उघडायचं म्हणजे शेजारणीचा श्वास कानांनी टिपावा लागतो. बाई म्हणायच्या, "मला तुमचा आवाज नंतर दाखवा. आधी एकमेकींचा श्वास ऐका." तो तेव्हा मला कंटाळवाणा वाटलेला सराव पुढे सगळ्यात उपयोगी पडला.

त्यानंतर हस्तलिखित. हिल्डेगार्डच्या गीतांची दोन मुख्य हस्तलिखितं आहेत. एक तिच्या हयातीतच, 1175च्या आसपास तयार झालं आणि आज बेल्जियममधल्या डेंडरमोंडच्या नावाने ओळखलं जातं. दुसरं 'रीझेनकोडेक्स', म्हणजे महाग्रंथच. 481 पानं, वजन सुमारे 15 किलो, आणि तो आमच्यापासून जवळच, व्हीजबाडेनच्या ग्रंथालयात आहे. दुसऱ्या महायुद्धात तो सुरक्षित राहावा म्हणून ड्रेस्डेनला एका बँकेच्या तिजोरीत ठेवला होता. 1945च्या बाँबवर्षावातून तो वाचला आणि 1948मध्ये परत आला. त्याच्याबरोबर गेलेलं, तिला झालेल्या दैवी दर्शनांचं सचित्र हस्तलिखित मात्र कायमचं हरवलं. ऱ्हाइनपलीकडच्या एबिंगेनच्या मठातल्या भगिनींनी युद्धाआधीच त्याची हाताने रंगवून हुबेहूब प्रत करून ठेवली होती, म्हणून ती चित्रं आज आपण पाहू शकतो. पिढ्यान्‌पिढ्या मठातल्या बायकांनीच हा वारसा सांभाळला आहे. तिच्या गीतांची आजच्या वाचकाला वाचता येईल अशी आवृत्ती 1969मध्ये निघाली, तीही मठातल्या भगिनींच्या हातून, एका संगीतशास्त्रज्ञाच्या सोबतीने.

रीझेनकोडेक्सची पानं इंटरनेटवर कुणालाही पाहता येतात. बाईंनी आमच्या पानाची मोठी छापील प्रत आणली आणि टेबलावर पसरली. सुरांसाठी आडव्या ओळी आखलेल्या, त्यातली एक तांबडी आणि एक पिवळी. तांबडी ओळ एफ स्वराची, पिवळी सीची. या दोन रंगांच्या आधाराने बाकीचे सूर कुठे आहेत ते कळतं. सूर दाखवणाऱ्या खुणांना न्यूम म्हणतात. खालून वर जाणारे दोन स्वर एका वळणात, वरून खाली येणारे दोन दुसऱ्या वळणात, वर जाऊन परत येणारे तीन तिसऱ्यात. ल, म, न, र अशा व्यंजनावर अक्षर मिटतं तिथे कधी कधी एक बारीक शेपटीवजा खूण असते. म्हणजे तिथे सूर उघड्या स्वरावर संपवायचा नाही, व्यंजनात मिटवत न्यायचा. ती शेपटी मी बोटाने गिरवून पाहिली. आठशे-साडेआठशे वर्षांपूर्वी कुणीतरी 'इथे ओठ मिटा' असं लिहून ठेवलं होतं, आणि मी ओठ मिटले. इतक्या लांबून आलेली सूचना आपलं अंग पाळतं, याने मला फार भरून आलं.

आपल्याकडे चाल तोंडातून तोंडात आली. जनाबाईंचे शब्द आपल्याजवळ आहेत, पण दळताना त्यांच्या तोंडी कोणती चाल होती ते कुठे लिहिलेलं नाही. हिल्डेगार्डच्या बाबतीत शब्दही आहेत, सूरही आहेत आणि वर तिचं नावही आहे. मध्ययुगातल्या मठसंगीतातली बहुतेक गाणी निनावी आहेत हे लक्षात घेतलं की याचं मोल कळतं.

या रचनेत काय म्हटलं आहे ते थोडक्यात असं: हे प्रज्ञेच्या शक्ती, तू फिरत फिरत सगळ्याला वेढलंस, जीवन असलेल्या एकाच वाटेत सगळं सामावून घेतलंस. तुला तीन पंख आहेत. एक उंच झेपावतो, दुसरा जमिनीतून पाझरतो, तिसरा चहूकडे उडतो. हे प्रज्ञे, तुला साजेल अशी तुझी स्तुती असो. एवढंच. आठदहा छोट्या ओळी. पण गायला घेतलं की एकेका अक्षरावर स्वरांची लांबच लांब माळ येते आणि ओळ संपता संपत नाही.

रचना ई स्वरावर विसावते. त्या स्वराला षड्ज धरला तर रिषभ, गंधार, धैवत, निषाद सगळे कोमल आणि मध्यम शुद्ध. म्हणजे आपल्या भैरवीचेच स्वर. पहिल्याच वेळी गळ्यात भैरवी उभी राहिली आणि हात आपोआप मांडीवर टेकला. रेकॉर्डिंग पाठवल्यावर आईने फोनवर हेच विचारलं, "भैरवी आहे का गं ही?" ती आमच्या पेठेतल्या भजनी मंडळात गाते, तिच्या कानातून काही सुटत नाही. मात्र स्वर तेच असले तरी चलन वेगळं आहे. भैरवीतली आर्जवं, मुरक्या, मींड यांना इथे जागा नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली वाट दाखवायची नाही. माझ्या गळ्यातली मींड बाजूला ठेवायला बाईंनी मला एक गोष्ट सुचवली: प्रत्येक सुराला त्याच्या अक्षरातला 'आ', 'ओ' असा उच्चार नव्याने द्यायचा, मनातल्या मनात. 'आ-आ-आ' असं, पण जोड ऐकू न येता. त्याने गळा हळूहळू वळला.

ताल तर नाहीच. हस्तलिखितात कुठला स्वर किती लांबवायचा याची मात्रा नाही. आपल्या आलापाची सवय असलेल्या माणसाला हे परकं वाटत नाही, पण आलापात पुढचा स्वर मी ठरवते, इथे तो ठरलेला आहे आणि माझ्यासोबत आणखी बायका तोच गात आहेत. मग गती येते कुठून? शब्दांतून. म्हणूनच ते सुरुवातीचं वाचन. 'त्रेस आलास हाबेन्स' हे शब्द ज्या वजनाने आम्ही महिनोन्‌महिने वाचले होते, त्याच वजनावर सूर चालायला लागले.

गटात आधारस्वरासाठी एक पेटी होती. बाईंनी ती पहिल्यांदा कपाटातून काढली तेव्हा मी बघतच राहिले, कारण ती आपली सुरपेटी होती, भारतात बनवलेली. युरोपात मध्ययुगीन संगीत गाणारे बरेच गट आज सुरपेटी वापरतात. मला त्या अखंड स्वराने फार बरं वाटायचं. पण बाई तालमीच्या शेवटी ती बंद करायला लावत, कारण हस्तलिखितात असा आधारस्वर कुठेच दाखवलेला नाही. हिल्डेगार्डच्या भगिनींना आधार होता तो एकमेकींच्या आवाजाचा आणि दगडी भिंतींतल्या घुमण्याचा. पेटी बंद झाली की सूर थोडा थरथरायचा, मग सगळ्या जणी कान टवकारायच्या आणि तो परत एक व्हायचा.

खरी अडचण श्वासाची. त्या काळच्या नेहमीच्या मठगायनात सूर साधारण एका सप्तकात फिरतो. हिल्डेगार्ड सहज दीड सप्तक ओलांडते, आणि तिच्या एका गीताचा पल्ला तर दोन सप्तकांच्याही पुढे जातो. अनेक गीतांत सुरुवातीलाच मूळ स्वरावरून पंचमावर उडी आणि तिथून वरच्या षड्जाला हात. अशा चढाच्या ओळी, त्यात स्वरांच्या माळा, आणि त्या तुटू द्यायच्या नाहीत. एकटीने गायचं म्हटलं तर मध्ये कुठेतरी श्वास घ्यावाच लागतो आणि ओळीचे तुकडे पडतात.

बाईंनी शिकवलेली रीत अशी. शेजारीण श्वास घेते तिथे आपण घ्यायचा नाही. दोन शब्दांच्या मध्ये घ्यायचा नाही, कारण तिथे सगळ्यांनाच घ्यावासा वाटतो. लांब स्वराच्या पोटात घ्यायचा. आवाज हळूहळू काढून घ्यायचा, श्वास भरायचा, आणि आल्याचं कुणाला कळू नये इतक्या हलक्या आवाजात परत मिसळायचं. भजनी मंडळात मुख्य बाईचा दम संपत आला की मागच्या जणी ओळ उचलतात, तसंच हे, फक्त इथे उचललेलं ऐकू आलं नाही पाहिजे. हे जमायला आम्हाला वसंत ऋतू उजाडला. ज्या संध्याकाळी शेवटची ओळ पहिल्यांदा न तुटता गेली, तेव्हा मी गात होते की नव्हते हे मला सांगता आलं नसतं. माझा आवाज मधूनमधून थांबत होता आणि गाणं थांबत नव्हतं.

इथे मला उमगलं की ही रचना एका गायिकेसाठी नाहीच. एकत्र राहणाऱ्या, दिवसातून आठ वेळा एकत्र गाणाऱ्या, एकमेकींच्या श्वासाची सवय झालेल्या बायकांसाठी ती रचली आहे. आज एकट्या गायिकेच्या सुंदर ध्वनिमुद्रिका मिळतात आणि मीही त्या ऐकते. पण त्या ऐकून या गाण्याचा घाट कळत नाही, हे मी मोकळेपणाने सांगेन.

मे महिन्यात बाईंनी आम्हाला 1178ची हकिगत सांगितली. हिल्डेगार्ड तेव्हा ऐंशीची होती. एके काळी धर्मबहिष्कृत झालेल्या एका सरदाराला रुपर्ट्सबेर्गच्या दफनभूमीत पुरलं होतं. मरण्याआधी त्याने प्रायश्चित्त घेऊन चर्चशी समेट केला होता, असं हिल्डेगार्डचं म्हणणं. माइन्त्सचे धर्माधिकारी म्हणाले, प्रेत उकरून बाहेर काढा. तिने नकार दिला. ती स्वतः कबरीपाशी गेली, हातातल्या काठीने तिच्यावर क्रूसाची खूण केली आणि कबर कुठे आहे ते कुणाला कळू नये म्हणून तिच्या खुणा पुसून टाकल्या. मग शिक्षा आली: मठात मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना नाही, ख्रिस्तप्रसाद नाही आणि गायचं नाही. प्रार्थना म्हणायची ती दारं लावून, हळू आवाजात, नुसती वाचून.

तिने हुकूम पाळला, पण धर्माधिकाऱ्यांना एक पत्र लिहिलं. ते वाचलं की तिला संगीत म्हणजे काय वाटत होतं ते समजतं. देवाची आज्ञा मोडून पतन होण्याआधी आदामाचा, म्हणजे पहिल्या माणसाचा, आवाज देवदूतांच्या आवाजाशी जुळलेला होता, ती गोडी माणसाने गमावली, आणि गाण्यातून ती त्याला आठवते, असं ती म्हणते. आत्म्याच्या ठायीच सुसंवाद आहे. माणूस देवाच्या प्रेरणेने गायला लागल्याचं पाहून सैतान अस्वस्थ झाला. आणि पुढे ती त्या मोठ्या लोकांना सरळ बजावते: जे योग्य कारणावाचून देवाची स्तुती बंद पाडतात, त्यांना स्वर्गात देवदूतांच्या स्तुतीत जागा मिळणार नाही. ऐंशी वर्षांची बाई, मठ संकटात, आणि ही भाषा! माइन्त्सचे आर्चबिशप तेव्हा इटलीत होते. शेवटी मार्च 1179मध्ये त्यांच्याकडून बंदी उठवल्याचं पत्र आलं. त्यानंतर सहा महिन्यांनी ती गेली.

हे सांगून झाल्यावर बाईंनी खोलीचं दार लावलं आणि म्हणाल्या, "आता आपली रचना वाचा. हळू आवाजात. गायची नाही." आम्ही वाचायला सुरुवात केली. सूर इतका अंगात भिनलेला की तो दाबून ठेवताना गळ्याला ताण जाणवत होता. 'लाउस तिबी सित' म्हणजे तुझी स्तुती असो, हे शब्द पुटपुटत म्हणायचे म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. माझ्या शेजारची वयस्क बाई मध्येच रडू लागली. वाचून झाल्यावर बाईंनी दार उघडलं आणि नुसती मान हलवली. त्या संध्याकाळी आम्ही जसं गायलो तसं नंतर क्वचितच गायलो असू.

जूनमध्ये मी रुपर्ट्सबेर्ग पाहून आले. 1632मध्ये, तीस वर्षांच्या युद्धात, स्वीडिश सैन्याने तो मठ जाळला आणि उरलेसुरले अवशेष एकोणिसाव्या शतकात रेल्वेमार्ग टाकताना सुरुंग लावून उडवले. आज तिथे रूळ आहेत, रस्ता आहे आणि एका इमारतीच्या पोटात जुन्या चर्चच्या काही कमानी. मला फार वाईट वाटलं. बिंगेनहून फेरीबोटीने पलीकडे रुडेसहाइमला गेले आणि द्राक्षमळ्यांतून चढत एबिंगेनच्या मठात पोचले. हिल्डेगार्डने 1165मध्ये एबिंगेनला दुसरा मठ काढला होता. आताची वरची इमारत 1900 ते 1904मध्ये बांधलेली. तिथल्या भगिनी आजही द्राक्षमळा सांभाळतात, पुस्तकांचं दुकान चालवतात आणि रोज संध्याकाळची प्रार्थना गातात. ती ऐकायला कुणीही जाऊन बसावं. त्यांनी स्तोत्र सुरू केलं, आणि अर्ध्या ओळीवर ती थांबण्याची जागा आली तेव्हा माझाही श्वास त्यांच्याबरोबर भरला गेला. त्या भगिनी जे रोज करतात त्याची आम्ही आठवड्यातून एकदा शिकवणी घेत होतो, हे तिथे बसल्यावर नीट ध्यानात आलं.

खाली गावातल्या चर्चमध्ये तिच्या अस्थींची पेटी आहे, आणि 17 सप्टेंबरच्या सणाला ती मिरवणुकीने बाहेर काढतात. कॅथलिक चर्चने 2012मध्ये तिला आचार्यपद, म्हणजे 'डॉक्टर ऑफ द चर्च' हे पद, दिलं. हा मान मिळालेल्या स्त्रिया तेव्हा फक्त चार झाल्या. इकडच्या लोकांनी तिला संत मानायला कुणाच्या शिक्क्याची वाट पाहिली नव्हती.

आमचं गाणं त्याच सुमारास, जवळच्या एका खेड्यातल्या चर्चच्या सायंप्रार्थनेत झालं. आधी रचना, मग मरियेचं स्तुतिगान दोन रांगांत, मग पुन्हा रचना. सुरपेटी नव्हती. बाईंनी मोबाइलवर सूर न बघता पहिल्या बाईला म्हटलं, "तुझ्या सोयीचा सूर धर," आणि आम्ही तो धरला. दुसऱ्या पंखाच्या ओळीत माझा श्वास संपला, मी बाहेर पडले, भरून घेतला आणि परत मिसळले. बाकांवर बहुतेक म्हातारी माणसं होती. प्रार्थना संपल्यावर एका आजोबांनी जवळ येऊन विचारलं की मी कुठली, आणि भारतातली म्हटल्यावर, तिकडे बायका देवळात काय गातात ते विचारलं. मी त्यांना वारीबद्दल आणि जनाबाईंबद्दल सांगत बसले, चर्चचं दार लावायची वेळ होईपर्यंत.

आता आम्ही 'ओ विस एतेर्नितातिस' घेतलं आहे. तिच्या गीतसंग्रहाची सुरुवातच या गीताने होते. यात मधला भाग एकटीने गायचा असतो आणि बाकीच्या जणी टेक घेऊन परत येतात. तो मधला भाग बाईंनी त्या कोरियन बाईला दिला आहे. 'त्स' तिला आता छान येतो.